दोन दिवस वाळलेला निवाडा

अण्णा,

तुमच्यावर मी रागावले आहे आणि भांडायला तुम्ही समोर नाही. हा तुमचा जुनाच कावा. वाद अंगाशी आला की "वसू, चहा टाक" म्हणायचं, आणि मी कप घेऊन येईपर्यंत विषय बदलून टाकायचा. या वेळी मात्र फारच लांब निघून गेलात. त्या शनिवारी सकाळी माईंचा फोन आला तेव्हा मी नल्लकुंट्याच्या बाजारात गोंगुऱ्याची जुडी निवडत होते. "वसू, हे उठत नाहीत गं," एवढंच त्या म्हणाल्या. मी भाजी तिथेच टाकून तुमच्या गल्लीत धावले. तुमचा चष्मा उशाशी होता. चष्म्याखाली ते पाकीट होतं, आणि पाकिटात शालन आणि दिगंबर यांचा निवाडा होता. आठ पानं टाईप केलेली, तारखेची जागा सोडलेली, आणि खाली तुमची सही नाही.

तेराव्याला लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. बेगम बाजारातल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने तर तुम्हाला देवमाणूस म्हटलं. मी मनात म्हटलं, देवमाणूस सही करून जातो.

तुमचं काम खरं म्हणजे दोन ओळींत सांगता येतं. दोघं भागीदार धंदा सुरू करताना करारातच लिहून ठेवत, की वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, अण्णांना लवाद मानायचं आणि ते देतील तो निवाडा पाळायचा. कायदा अशा कराराला मान देतो, आणि सही झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. वकिली सोडून तुम्ही हेच करत बसलात, नल्लकुंट्याच्या त्या पुढच्या खोलीत, आणि बावीस वर्षं मी तुमच्या डाव्या हाताला बसून सगळं लिहून घेतलं. वकिलीची सनद माझ्याकडेही आहे, हे आलेल्या माणसांना कधी कळायचं नाही, कारण तुम्ही माझी ओळख एकाच वाक्यात उरकायचात. "ही वसुधा. मला मदत करते."

आणि तुमचं ते वाळवण! निवाडा टाईप झाला की लगेच सही करायची नाही. तीन दिवस थांबायचं. मला दोन्हीकडे फोन करायला लावायचात: निवाडा तयार आहे, तीन दिवसांनी सही होईल, तोवर तुमचं तुम्ही मिटवलंत तर कागद फाडून टाकतो. आत काय आहे ते दोघांनाही माहीत नसायचं, आणि त्या धास्तीने माणसं एकमेकांशी बोलायला लागायची. कोठीच्या बाजारातले ते दोन पुस्तकवाले आठवतात ना? सहा महिने एकमेकांचं तोंड न बघणारे, शेवटच्या सकाळी एकाच स्कूटरवरून आले, वहीच्या पुठ्ठ्यावर तडजोड लिहून. तुम्ही निवाडा तिथल्या तिथे फाडलात आणि मला म्हणालात, "बघ, हा आपला सगळ्यात चांगला निवाडा." माझी बोटं टाईप करून दुखत होती, तरी मला हसू आलं होतं. त्या तीन दिवसांत तुम्ही स्वतःही पेन्सिल घेऊन पुन्हा वाचायचात. ओला पापड डब्यात भरला तर त्याला बुरशी येते, म्हणायचात.

मी कितीदा सांगितलं, सही करून पाकीट बंद करा आणि मग वाळवा हवं तितकं. तुमचं वय बघा. तर म्हणे, "सही केली की माझं डोकं बंद होतं. आणि तू काय माझ्या मरणाची वाट बघतेस?" आता सांगा, कोण बरोबर होतं? सांगाच.

शालन आणि दिगंबरचा तो करारही आपणच लिहिला होता, आठ वर्षांपूर्वी. शालनचा नवरा गेला आणि बेगम बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या मसाल्याच्या गिरणीत नवऱ्याच्या जागी ती भागीदार झाली. दुसरा भागीदार तिचा दीर, दिगंबर. त्यांच्या घरी महत्त्वाचा कागद दसऱ्यालाच करायचा अशी रीत, म्हणून आपण दोघं दसऱ्याला गिरणीत गेलो. चक्कीला झेंडूचा हार, कांडपाच्या मशीनला कुंकू, आणि पूजेच्या पाटावरच स्टॅम्पपेपर. त्यावर तुम्ही दोन वाक्यं लिहिलीत. "आमच्यात वाद झाला तर अण्णा देतील तो निवाडा अखेरचा. आम्ही कोर्टात जाणार नाही."

मी म्हटलं, तिसरं वाक्य हवं. अण्णा नसल्यास दोघांनी मिळून दुसरा लवाद नेमावा. शालनची सासू तेव्हा होती. ती हातातलं निरांजन खाली ठेवून म्हणाली, "या घरात एक मरण आत्ताच झालंय. दसऱ्याच्या कागदावर आणखी मरण नक्को." सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मीच ते घेऊन आले होते. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. म्हटलं, मग निदान या दोन वाक्यांचं एक करा, कोर्टात न जाता अण्णांचा निवाडा पाळू असं. तेही नाही. परत येताना ऑटोत मी धुसफुसत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "पहिला शब्द त्यांनी मला दिलाय. दुसरा एकमेकांना दिलाय. ते कशाला एकात कालवायचे?" मला ती वकिली मखलाशी वाटली. माझं तिसरं वाक्य दिवाळीनंतर घालू, असं मात्र कबूल केलंत. ती दिवाळी काही आली नाही.

मग या वर्षी वाद आला. मिरचीच्या ठसक्याने दिगंबरची छाती कामातून गेलेली. डॉक्टरांनी त्याला गिरणीत पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं होतं. त्याला कांडप बंद करून तिथे तयार पाकिटांची एजन्सी घ्यायची होती. शालनला काळा मसाला बंद पडू द्यायचा नव्हता. ती म्हणाली, गिरणी मला द्या, तुम्ही घरी बसा. तो म्हणाला, वहिनीचं नाव आपण मानापुरतं घातलं होतं, गिरणी माझी. गिरणी कुणाच्या हातात राहायची, एवढाच प्रश्न होता. तुमच्यापुढे चार बैठका झाल्या आणि तुम्ही ठरवलंत: गिरणी दिगंबरची, वरच्या मजल्यावरचं घर कायमचं शालनचं.

गुरुवारी दुपारी मी सातवं पान टाईप करत होते. तुम्ही सांगितलेलं वाक्य होतं, "श्रीमती शालन यांनी व्यवसायास मदत केली, परंतु चालवण्याचा भार दिगंबर यांच्यावर होता." माझे हात थांबले.

"अण्णा, एकोणीस वर्षं भाजणी तिच्याकडे आहे. धणे किती भाजायचे, दगडफूल कधी घालायचं, बायांना कामाला कोण लावतं, मशीन अडलं तर मिस्त्रीला कोण बोलावतं. दिगंबर पुढे दुकानात बसतो. याला मदत म्हणतात?"

"तिचा जबाब काढ," तुम्ही म्हणालात. "दुसरी बैठक. ती काय म्हणाली ते तूच लिहून घेतलंयस."

मी काढला. "मी भावजींना मदत करते." माझ्याच अक्षरात.

"ती असंच म्हणणार! आपल्या बायका असंच म्हणतात. तुम्ही तिला विचारायला हवं होतं, मदत म्हणजे काय काय करतेस ते."

"कागदावर जे आहे त्यावर मी निवाडा देतो, वसू."

"मग मी इथे बावीस वर्षं काय केलं? मदत?"

तुम्ही चष्मा काढलात, डोळे चोळलेत. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. बोललात ते असं: "वसुधा, हा तुझा निवाडा नाही." मी आठवं पान पुरं केलं, नेहमीसारखे दोन्हीकडे फोन केले, मग तुम्ही हात पुढे करून पानं मागून घेतलीत. "वाळू दे. रविवारी बघू. चहा टाक."

मी चहा टाकला नाही. चपला घातल्या आणि निघाले. शुक्रवारी आलेही नाही, फोनवर सांगितलं की डोकं दुखतंय. डोकं दुखत नव्हतं. तुम्हाला एक दिवस माझ्यावाचून काढायला लावावा, एवढाच हेतू होता. हे मी माईंनासुद्धा सांगितलेलं नाही. फार लागलं होतं मला, अण्णा, आणि अजून लागतं आहे, पण त्या शुक्रवारची लाज त्याहून जास्त आहे.

तेराव्याला पंगत उठल्यावर दिगंबर माझ्याजवळ आला. तो वाईट माणूस नाही. तुमच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता, आणि खोकत खोकत शेवटपर्यंत दिला होता. त्याने मला अंगणात बाजूला घेतलं.

"वसूताई, बुरा मानू नका. अण्णा लिहून ठेवले होते ना? तुम्हीच फोन केल्या होत्या, तयार आहे म्हणून. निवाडा किधरकू झुकलाय, बस इतकंच सांगा. माझ्या बाजूनं असंल तर सगळं इथंच खतम करू."

"आणि नसेल तर?"

"मग बघू."

"सही नाही, दिगंबर. सही नाही म्हणजे निवाडाच नाही."

"पण तुम्हाला मालूम आहे." तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. तुमच्याकडे येणारी माणसं तुमचं तोंड वाचायचा प्रयत्न करायची आणि तुम्ही पान जुळवत बसायचात, तसं काहीतरी मला हवं होतं. मी उष्ट्या पत्रावळी गोळा करायला लागले.

"मला काही मालूम नाही," मी म्हटलं. खोटं बोलले, तुमच्या दारात.

दुसऱ्या दिवशी त्याने गिरणीला कुलूप लावलं आणि आठवड्यात कोर्टात दावा टाकला. त्याच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं. करारात अण्णांचं नाव आहे, अण्णा वारले, म्हणून लवादाचं कलमही संपलं. आता काय ते कोर्टच ठरवेल. आणि कोर्टात किती दिवस लागतात ते तुम्हाला सांगायला नको, त्याला कंटाळूनच तर तुम्ही काळा कोट उतरवला होता. तेवढे दिवस गिरणी बंद राहिली असती तर शालनला काही मिळण्यासारखं उरलंच नसतं.

ती माझ्या घरी आली. खुर्चीत बसली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली.

"ताई, कुलूप लावून आज नववा दिवस. आतलं दगडफूल ओल धरायलंय, धण्यांत किडे पडतील. चार बाया घरी बसल्यात. तुम्ही तो कागद बाहेर काढा की. अण्णा जे लिहिले ते मला कबूल. कोर्टात पण तसंच सांगते."

"त्यावर सही नाही, शालन."

"सही कायकू पाहिजे? अण्णांचा शब्द आहे ना. माझ्या उलट असला तरी कबूल."

"उलट असला तरी?"

"अण्णा माझ्या उलट कशाला लिहितील?"

मी तिला पाणी आणायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. ती ज्या कागदासाठी हात जोडत होती त्याच कागदाने तिची गिरणी जाणार होती. दिगंबरला तो हवा होता तो जिंकायला, आणि तिला हवा होता तो तुमच्यावरच्या विश्वासापायी. तिला सांगावं तर तिचा तुमच्यावरचा विश्वास मोडतो. न सांगावं तर ती आशेवर बसते. तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा तिने माझ्याकडे बघून मान हलवली. "तुम्ही पण कोर्टासारख्याच झालात, ताई. लपवायलात." पाणी न पिता गेली.

आता आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे सगळं बोलून झालं. पाकीट त्या शनिवारपासून माझ्या कपाटात होतं. माईंनी ते माझ्याच हातात दिलं होतं, "तुमच्या कामाचं दिसतंय" म्हणून. शालन येऊन गेल्यावर चार दिवस मी रोज कपाट उघडून त्याच्याकडे बघत होते. जाळून टाकावं, असं पहिल्यांदा वाटलं. मग त्याहून वाईट वाटलं. सातवं आणि आठवं पान मीच टाईप केलं होतं, पुन्हा टाईप करायला किती वेळ लागतो? आणि तुमची सही बावीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होत होती. शेवटच्या अक्षराची शेपटी कशी खाली ओढता तेही मला ठाऊक आहे. एका दुपारी मी रद्दी कागदावर ती करून पाहिली. हुबेहूब आली. मग मला एवढी भीती वाटली की मी तो कागद फाडला आणि देवळात जाऊन बसले. तिथेही तुमचाच आवाज, हा तुझा निवाडा नाही म्हणून.

कोर्टात शालनने अर्ज दिला की करारात लवाद आहे, तेव्हा दावा इथे चालवू नये. त्यासाठी मूळ कागद हवा होता आणि तो तुमच्या लोखंडी कपाटात होता, म्हणून मला प्रतिज्ञापत्र करून तो घेऊन उभं राहावं लागलं. दिगंबरच्या वकिलाने फार चांगला मुद्दा मांडला, तुम्हाला आवडला असता. ते म्हणाले, या माणसांनी लवादाच्या कायद्यावर भरवसा ठेवला नव्हता, एका माणसावर ठेवला होता. तो माणूस गेला. आता कुणा तिऱ्हाइतापुढे यांना ढकलणं म्हणजे त्यांनी केलेलाच नाही असा करार त्यांच्या गळ्यात बांधणं. शालनचा वकील पोरगेला, कागद चाळत राहिला. मला वाटलं, संपलं.

न्यायाधीशांनी मला विचारलं, निवाडा झाला होता का?

दिगंबर पुढे झुकला. शालनही. दोघांनाही माझ्याकडून तेच उत्तर हवं होतं.

"नाही," मी म्हटलं. "सही नसलेला मसुदा आहे. निवाडा नाही."

"त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे?"

"हो." या वेळी खोटं बोलले नाही. "पण सही होईपर्यंत ते बदलायचे. मी बदलताना पाहिलं आहे."

त्यांनी पुढे विचारलं नाही. मूळ मराठी वाचून दाखवायला सांगितलं. मी ती दोन वाक्यं वाचली आणि अर्थ सांगितला. मग त्यांनी विचारलं, लिहिणारे जाणकार होते, मग त्यांच्या पश्चात काय, हे का नाही लिहिलं? मी दसरा सांगितला, झेंडूचा हार सांगितला, सासू सांगितली. मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. न्यायाधीश हसले नाहीत. म्हणाले, आणि ही दोन वाक्यं वेगळी का?

ऑटोतलं तुमचं बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं. पहिला शब्द मला दिलाय, दुसरा एकमेकांना.

दिगंबरचा वकील उठला, मेलेल्या माणसाचं ऐकीव बोलणं पुरावा होत नाही म्हणाला. न्यायाधीश म्हणाले, ठीक आहे, बाईंचं बोलणं बाजूला ठेवू, कागद काय म्हणतो ते बघू. दुसऱ्या वाक्यात अण्णांचं नाव आहे का? वकिलाने कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. नाव नव्हतं.

आठ दिवसांनी हुकूम झाला. नाव दिलेला माणूस गेला तरी कोर्टाबाहेर मिटवायचं हा दोघांचा इरादा कागदावर उभा आहे, अण्णाच हवेत, नाहीतर लवादच नको, असं कुठे लिहिलेलं नाही. म्हणून दावा इथे चालणार नाही. दोघांनी मिळून दुसरा लवाद नेमावा, न जमलं तर वरच्या कोर्टाकडून नेमून घ्यावा. मी माझं तिसरं वाक्य घालायला सांगत होते आणि दोनाचं एक करायलाही सांगत होते. ते एक झालं असतं तर तुमच्याबरोबरच गेलं असतं. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर होतात, अण्णा. कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून मी मोठ्याने "बरं बाबा" म्हटलं आणि एका पोलिसाने माझ्याकडे वळून पाहिलं.

मग गंमत झाली. दोघंही एका सुरात म्हणाले, लवाद वसूताई. किती महिन्यांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट, आणि ती मलाच मोडावी लागली.

"अण्णांच्या हाताखालचं माणूस म्हणजे अण्णाच," दिगंबर म्हणाला. शालनने नुसती मान हलवली. माझ्यावर रागावलेली असूनही हलवली.

बावीस वर्षं मला ती खुर्ची हवी होती. तुमच्या डाव्या हाताची नव्हे, तुमचीच. हे तुम्हाला ठाऊक होतं का? आणि ती अशी समोर आली तेव्हा मला म्हणावं लागलं, "मी होऊ शकत नाही. माझं मत आधीच ठरलेलं आहे."

"कोणतं?" शालनने विचारलं.

मी सांगितलं नाही. शेवटी बरकतपुऱ्यातल्या एका निवृत्त न्यायाधीश बाईंवर दोघं राजी झाले. बाई तेलुगू बोलतात, मराठी समजतं. माईंनी तुमची पुढची खोली दिली. बाईंनी खुर्चीत बसायच्या आधी गिरणी बघायची म्हटलं, आणि जागेवर उभं राहून हुकूम दिला की निवाडा होईपर्यंत गिरणी चालू राहील आणि कुलपाची एकेक किल्ली दोघांकडे. सत्तेचाळिसाव्या दिवशी कुलूप निघालं. अर्धे धणे टाकून द्यावे लागले. दिगंबर तोंडाला रुमाल बांधून दारात उभा राहून पोती मोजत होता, आणि शालन आतून ओरडत होती, "भावजी, आत नक्को येऊ, खोकला उठंल!" पहिल्या घाण्याचा मसाला ती माईंना द्यायला आली तेव्हा मी तिथेच होते. एक पुडी तिने मलाही दिली. लगेच गिरणीकडे परतली.

जबाबांची सगळी फाईल मी बाईंना नेऊन दिली. पाकीट दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. त्या शनिवारी शेवटच्या पानावर सही नाही एवढंच पाहून मी ते मिटलं होतं; माझं काम संपलं, म्हणून आज सकाळी ते पुन्हा उघडलं. हे लिहिलेलंही त्यांचा निवाडा लागेपर्यंत कुणाला दाखवणार नाही.

सातव्या पानावर "मदत" या शब्दावर तुम्ही पेन्सिलीने काट मारली आहे. जोरात, पानाच्या मागे उमटली आहे. वर दुसरा शब्द लिहिलेला नाही. समास कोरा. बाकी सगळं होतं तसंच, गिरणी दिगंबरची, घर शालनचं. मी आठही पानं खिडकीशी नेऊन उजेडात धरली, खोडलेलं काही दिसतं का म्हणून. काही नाही.

म्हणजे तुम्ही ऐकलंत. किती ऐकलंत ते मला कळत नाही. नुसता शब्द बदलून निवाडा तोच ठेवणार होतात, की तो एक शब्द काढला तर पुढचं पानही टिकत नाही हे तुमच्या लक्षात आलं होतं? काट गुरुवारची आहे की शुक्रवारची? शुक्रवारी मी आले असते तर तुम्ही विचारलं असतं, "मदत नाही, तर मग काय, वसू?" आणि मी सांगितलं असतं. तुम्हाला शब्द सापडला नाही म्हणून जागा रिकामी आहे, की मी नव्हते म्हणून? रडू आलं मला, आणि खरं सांगते, त्यात आनंदही होता.

मग मी पेन्सिल हातात घेतली. रिकाम्या जागेवर धरली सुद्धा. आणि ठेवून दिली. तो निवाडा माझा नाही.

उद्या अकरा वाजता बैठक आहे. बाईंनी शालनला सांगून ठेवलं आहे, सकाळी गिरणीत आल्यापासून दार लावेपर्यंत काय काय करता ते एकेक करून सांगायचं, कितीही वेळ लागू दे. मला आत बसता येणार नाही. चहा मात्र मीच टाकणार आहे, त्या गुरुवारी टाकला नव्हता तो. कप ठेवीन, दार ओढून घेईन आणि बाहेर माईंजवळ बसेन. आत शालन बोलत असेल, अण्णा, आणि तिला कुणीतरी विचारलेलं असेल.